प्रमाणपत्राची चौकट : बसवावी कशी, सोडवावी कशी

प्रमाणपत्र हा एकाच वेळी गौरवाचा आणि पुराव्याचा कागद असल्यामुळे देवाच्या किंवा पूर्वजांच्या तसबिरीला चौकट करण्याची रूढ पद्धत त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. तसबीर एकदा काचेमागे गेली की ती तिथेच राहावी अशी अपेक्षा असते. प्रमाणपत्र मात्र प्रवेशाच्या, नोकरीतील कागदपत्र-पडताळणीच्या किंवा परदेशगमनाच्या वेळी मूळ स्वरूपात, आणि बहुधा पुढून-मागून दोन्ही बाजूंनी, दाखवावे लागते. म्हणूनच चौकटीची परीक्षा ती भिंतीवर कशी दिसते यावरून न करता, तिच्यातून कागद किती सुखरूप बाहेर येतो यावरून केली पाहिजे.

सोलापुरात या प्रश्नाला स्थानिक इतिहासाचीही जोड आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये आरंभी मुंबई विद्यापीठाशी, मग 1949 मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी, 1962 नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी आणि 2004 पासून सोलापूर विद्यापीठाशी संलग्न राहिली. 2019 मध्ये या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. परिणामी एकाच घरात आजोबांच्या, वडिलांच्या आणि नातीच्या पदवीवर निरनिराळ्या मुद्रा आढळतात, आणि जुनी पदवी खराब झाल्यास दुय्यम प्रतीसाठी ज्या विद्यापीठाने ती दिली त्याचेच दार ठोठवावे लागते. याहून नाजूक कागद आहेत ते स्वातंत्र्यसैनिकांच्या घरातले. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली, हे शहर विसरलेले नाही. पुढे 1972 मध्ये केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना सुरू झाली, तेव्हा कारावासाचा दाखला हाच हक्काचा आधार ठरला. असे दाखले व सन्मानपत्रे अभिमानाने भिंतीवर लावली जातात हे योग्यच आहे. परंतु ज्या कागदावर कुटुंबाचा हक्क उभा आहे, तो कागद कायमचा बंदिस्त करणे योग्य नाही.

प्रस्तुत लेखकाच्या आप्तांपैकी एकाच्या पदवीचे जे झाले ते या संदर्भात नोंदवण्याजोगे आहे. कोल्हापूरची ती पदवी चौकट करणाऱ्याने पाठीमागे सर्वत्र पांढरा कृत्रिम डिंक लावून हार्डबोर्डवर सपाट चिकटवली होती, आणि बैठकीच्या खोलीत ती कित्येक वर्षे नीटनेटकी दिसतही होती. आखाती देशातील नोकरीसाठी साक्षांकनाची, म्हणजे पदवी खरी असल्याचे शासनाकडून व संबंधित दूतावासाकडून प्रमाणित करून घेण्याची वेळ आली, तेव्हा साक्षांकनाचे शिक्के मूळ पदवीच्या पाठीवर उमटवायचे असल्याचे कळले, आणि घरच्यांनी वाफेवर धरून कागद सोडवण्याचा प्रयत्न केला. एका कोपऱ्यापासून सुरुवात झाली; कागद दोन पापुद्र्यांत फाटून मागचा पापुद्रा हार्डबोर्डला तसाच चिकटून राहिला, सहीची निळी शाई ओलाव्याने पसरली आणि मुद्रेची कड धूसर झाली. दुय्यम प्रत यथावकाश मिळाली, पण तोवर रुजू होण्याची मुदत टळून गेली होती.

या हानीचे कारण डिंकाच्या स्वभावात आहे. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट या रसायनाचा पांढरा डिंक वाळल्यावर पाण्याने पुरता विरघळत नाही, तो फक्त फुगतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ मात्र थोड्या ओलाव्याने मऊ पडून सुटते. हातमागाच्या सुताला पांजणीत दिलेली खळ धुण्यात निघून जाते, हे विणकरांच्या या शहराला समजावून सांगण्याची गरज नाही. जे पुन्हा सोडवता येते तेच मूळ कागदाला लावावे, या नियमाला कागद-संवर्धनाच्या शास्त्रात प्रत्यावर्तनीयता म्हणतात. लॅमिनेशन, म्हणजे कागद प्लास्टिकच्या दोन थरांत उष्णतेने वितळवून बंद करणे, या नियमाच्या सर्वाधिक विरुद्ध जाते, कारण त्यावर शिक्का बसत नाही आणि प्लास्टिक काढताना अक्षरेही सोबत निघतात.

सहज निघणाऱ्या चौकटीत कागदाच्या चार कोपऱ्यांना पारदर्शक पॉलिएस्टरचे त्रिकोणी खिसे असतात. डिंक लागतो तो खिशाला व मागच्या पुठ्ठ्याला, कागदाला नव्हे. खिशात कागद किंचित सैल राहिला पाहिजे, कारण पावसाळ्यात तो फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. मागचा पुठ्ठा आम्लरहित घ्यावा; हार्डबोर्ड व साधा पुठ्ठा यांतील लाकडी द्रव्यांतून झिरपणारे आम्ल कागदाला पिवळा व ठिसूळ करते. हार्डबोर्ड वापरायचाच असेल तर तो सर्वांत मागे ठेवून मध्ये आम्लरहित पुठ्ठा घालावा. पुढच्या बाजूस माउंट, म्हणजे खिडकीसारखा कापलेला जाड कागद, असावाच. तो शोभेचा वाटला तरी त्याचे खरे काम प्रमाणपत्र आणि काच यांत अंतर राखण्याचे आहे, कारण दमट हवेत लेझर छपाईची अक्षरे काचेला चिकटतात आणि कागद उचलताच तिथेच राहतात. चौकटीच्या पाठीला चुका ठोकण्याऐवजी स्क्रूवर फिरणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवून घ्याव्यात. चुका उपसताना पक्कड निसटून कागदाला भोक पडते. पट्टी बोटाने फिरते आणि पाठ उघडते.

जागेबाबत सोलापूरचे हवामान निष्ठुर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पश्चिमेकडील भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते, आणि प्रकाशाने उडालेली शाई कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्यामुळे ऊन न येणारी आतली भिंत निवडावी व चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे छोटे तुकडे लावून हवेला वाट ठेवावी. इथे पावसाचा जोर सप्टेंबरात अधिक असल्याने ऑक्टोबरात एकदा पाठ उघडून ओल, वाळवी आणि कसर पाहणे श्रेयस्कर.

आधीच चिकटलेला कागद मात्र घरी सोडवू नये. हार्डबोर्डसकट तो चौकटीतून काढावा, सपाट ठेवावा आणि जाणकार संवर्धकाला दाखवावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशा कामाचे केंद्र आहे. 1930 च्या काळातील दाखल्यांच्या बाबतीत तर भिंतीवर चांगली रंगीत प्रत लावून मूळ कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात आडवा जपणे हाच उत्तम मार्ग होय. डिजिलॉकरमधील प्रतीला कायद्याने मूळ कागदाइतकीच मान्यता असली तरी परदेशी दूतावासाचा शिक्का अजून कागदावरच बसतो.

चौकट तयार झाल्यावर ती घरी आणण्यापूर्वी दुकानातच एकदा उघडवून कागद बाहेर काढून दाखवण्यास व पुन्हा बसवण्यास सांगावे. ज्याला हे करून दाखवता येत नाही, त्याच्या हाती छायाप्रत द्यावी, मूळ प्रमाणपत्र देऊ नये.