न दुखणाऱ्या पायाची तपासणी

मेकॅनिकलच्या मुलीने पायाच्या आजारावर लेख का लिहावा, असं तुम्हाला वाटेल. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीचं दार वाजवा, आतल्या एकाच्या तरी घरी कुणाला ना कुणाला 'शुगर' असतेच. दुसरं, हा आजार समजून घेताना मला आपलाच सिलॅबस परत भेटला. कमान, बकलिंग, सेन्सर, सगळं आहे त्यात! माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मध्ये मध्ये इंग्रजी शब्द डोकावतील. तेवढं चालवून घ्या.

शार्को फूट म्हणजे काय?

बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, मग तळवा बधिर होतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. दुखणं म्हणजे शरीराचा अलार्म. तो बंद पडला की माणूस मुरगळलेल्या, अगदी हाडाला चीर गेलेल्या पायावरही आरामात चालत राहतो. त्या मारामुळे आत दाह सुरू होतो, पायातला रक्तपुरवठा वाढतो, हाडं झिजवणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात आणि हाड मऊ पडतं. मऊ हाडावर पुन्हा चालणं, पुन्हा मोडतोड, पुन्हा दाह. कंट्रोलच्या भाषेत सांगायचं तर हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप आहे. तो आपोआप थांबायला फार वेळ लागतो, आणि तोपर्यंत पायाचा आकार गेलेला असतो.

फ्रान्सचे डॉक्टर जाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये अशा सांध्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. त्यांचे पेशंट मधुमेहाचे नव्हते, सिफिलिसमुळे मज्जारज्जू बिघडलेले होते. मधुमेहाशी याचा संबंध १९३६ मध्ये डब्ल्यू. आर. जॉर्डन यांनी दाखवला.

कमान कशी बसते?

आपल्या एका पायात २६ हाडं असतात. ती मिळून तळपायाची कमान बनते. पुलाच्या दगडी कमानीत मधला दगड जसा सगळ्यांना अडकवून धरतो, तसं काम पायाच्या मध्यभागी दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाचं मूळ करतं. तिथल्या सांध्यांना लिसफ्रँक सांधे म्हणतात. शार्कोचा मार बहुतेक वेळा इथे आणि आजूबाजूलाच पडतो. मधली हाडं सरकली की कमान खाली बसते, आणि पुढे तर तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर फुगतो. मग चालताना सगळं वजन त्या एका टेंगळावर येतं. लोड तोच, एरिया कमी, म्हणजे स्ट्रेस किती वाढला ते तुम्हीच सांगा. तिथली कातडी फाटते, जखम चिघळते, आणि शेवटी पाय कापायची वेळ येऊ शकते.

माझ्या मामाचं उदाहरण देते. वय ५६, शुगर सोळा वर्षांची, दुकानात दिवसभर उभं राहणं. एसटीतून उतरताना उजवा पाय जरासा वाकडा पडला. दोन दिवसांत पाय सुजून लाल झाला. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. "मुरगळलाय, क्रेप बँडेज बांधा" असं सांगितलं. मामा म्हणाला, "दुखत तर काहीच नाही, मग दुकान कशाला बंद ठेवू?" पाच आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढला तेव्हा मधली हाडं जागेवर नव्हती. पुढचे आठ महिने प्लास्टर. त्या पहिल्या नॉर्मल एक्स-रेने आम्हा सगळ्यांना निर्धास्त केलं होतं, आणि हाच या आजाराचा मोठा धोका आहे.

तपासणी कशी करतात?

अलार्म बंद असलेल्या मशीनची कंडिशन बाहेरून मोजावी लागते. इथेही तसंच.

१. नस जिवंत आहे का? यासाठी मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा दोरा वापरतात. पेशंटला डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर काटकोनात टेकवतात आणि वाकेपर्यंत दाबतात. तो साधारण १० ग्रॅम भाराला वाकतो. आता आठवा ऑयलरचा फॉर्म्युला: क्रिटिकल लोड म्हणजे पाय स्क्वेअर गुणिले ई आय, भागिले इफेक्टिव्ह लेंग्थचा स्क्वेअर. (हा 'पाय' वेगळा, बरं का!) एकदा कॉलम बकल झाला की तुम्ही थोडं जास्त दाबलं तरी भार जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून डॉक्टरचा हात हलका असो की जड, तळव्याला मिळतात १० ग्रॅमच. एवढासा दोरा, पण कॅलिब्रेट केलेलं उपकरण! तो दाब कळला नाही तर संरक्षण देणारी संवेदना गेली असं समजतात. जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का तेही विचारतात.

२. पाय गरम आहे का? इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागांचं तापमान घेतात. एका पायाचा आकडा एकटा कामाचा नाही, कारण खोलीची हवा आणि अंगातला ताप दोन्ही पायांना सारखाच लागू असतो. वजाबाकी केली की कॉमन भाग उडून जातो, डिफरन्शियल अँप्लिफायरसारखा. साधारण २ अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक आला तर संशय पक्का होतो. मात्र दोन्ही पायांना आजार असेल तर ही तुलना फसते.

३. हे इन्फेक्शन तर नाही? सुजलेला, लाल, गरम पाय बघून आधी पू, गाऊट किंवा शिरेतली गुठळी आठवते. कातडी कुठे फाटलेली नसेल आणि पाय थोडा वेळ उंच ठेवल्यावर लाली उतरत असेल, तर शार्कोकडे पारडं झुकतं. जखम असेल तर ती हाडापर्यंत गेली आहे का हे बघावंच लागतं.

४. हाडं कुठे आहेत? एक्स-रे शक्यतो उभं राहून, पायावर वजन देऊन काढतात. लोड न देता स्ट्रक्चर तपासलं तर सरकलेलं हाड लपून बसू शकतं. बाजूच्या फोटोवर घोट्याचं हाड आणि अंगठ्याचं लांब हाड यांच्या रेषा साधारण एका सरळीत हव्यात. त्यांच्यात कोन पडला तर कमान किती बसली ते मोजता येतं.

५. एक्स-रे नॉर्मल आला तर? आयकेनहोल्ट्झ यांनी १९६६ मध्ये एक्स-रेवरून तीन टप्पे सांगितले: तुकडे पडणं, जुळत येणं आणि पक्कं होणं. पुढे त्यांच्या आधी 'स्टेज शून्य' जोडली गेली. तिच्यात पाय गरम आणि सुजलेला असतो, पण एक्स-रेवर काहीच दिसत नाही. तेव्हा एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज दिसते. पाय वाचवायची सगळ्यात चांगली वेळ हीच! मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की संशय आला की रिपोर्टची वाट बघत बसू नका, गुडघ्यापर्यंतचं आधार देणारं साधन आधी लावा.

उपचार

मुख्य उपचार म्हणजे पायावरचा भार काढणं. गुडघ्याखालपासून पायाला घट्ट बसणारं प्लास्टर वजनाचा काही भाग पोटरीवर घेतं आणि तळव्यावरचा दाब पसरवतं. सूज उतरली की ते सैल होतं, म्हणून सुरुवातीला लवकर लवकर बदलावं लागतं. हे महिनोन् महिने चालतं. तापमानातला फरक, सूज आणि फोटो, तिन्ही सुधारल्यावरच प्लास्टर निघतं.

या विचारामागे भारताचाही वाटा आहे. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करताना दाखवलं की त्यांच्या हातापायांची बरीचशी हानी दुखणं न कळल्यामुळे होते. पुढे अमेरिकेत त्यांनी तोच अनुभव मधुमेही पायांसाठी वापरला.

आपण काय करायचं?

दिवाळीत घरी गेल्यावर आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या पाया पडालच. ज्यांना शुगर आहे त्यांच्या पायाशी पाच मिनिटं जास्त बसा. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पाय चाचपा, एक जास्त गरम लागतो का बघा. मग त्यांना डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कोणत्या पायाला हात लागला ते त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागा चुकल्या तर पायाच्या नसांची नीट तपासणी करून घ्या.

आणि बधिर पाय एका बाजूने सुजलेला, गरम दिसला तर शेक नको, मालीश नको, 'चालून मोकळा करू' तर अजिबात नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि त्यांना स्पष्ट विचारा, "हा शार्को तर नाही ना?" घरचे म्हणतील, "अगं, दुखत नाहीये." त्यांना सांगा, दुखत नाहीये म्हणूनच दाखवायचंय.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल