नऊ किलो खाऊ

सिंगापूरला निघायच्या आदल्या रात्री नवऱ्यानं वजनकाट्याचा हूक एकेका बॅगेच्या दांडीला अडकवून आकडे वाचायला सुरुवात केली. मुलांच्या कपड्यांची बॅग अकरा किलो. आमची बारा. आणि कोपऱ्यातली निळी, नऊ किलो.

"हिच्यात काय आहे?"

"खाऊ," मी म्हटलं.

पाच दिवसांच्या सहलीला नऊ किलो खाऊ. थेपल्यांच्या तीन चळती, चिवडा, शंकरपाळी, मेतकूट, तांदूळ आणि मूगडाळ, ती शिजवायला चिमुकला कुकर आणि दिवाळीची सुट्टी म्हणून सासूबाईंनी हौसेनं केलेले अनारसे. एवढं सगळं घेऊन आम्ही उतरलो कुठं, तर लिटल इंडियात! हॉटेलातून बाहेर पडलं की सेरंगून रोड. त्या रस्त्यावर १९४७पासून डोसे घालणारं कोमला विलास. थोडं पुढं गेलं की मुस्तफा सेंटर. तिथं डाळ-तांदूळ सोडाच, आपल्याकडचे कुकरसुद्धा मांडून ठेवलेले. धाकट्यानं पहिल्या दिवशी डोसा खाल्ला आणि पाचही दिवस तोच मागितला. थेपल्यांची एक चळत विमानानं जाऊन-येऊन सुखरूप घरी परतली. त्या नऊ किलोंत मुलांची भूक किती आणि माझी धास्ती किती, ते मला तेव्हा कळलं.

पालकहो, खाऊ नेऊच नका असं मी म्हणणार नाही. विमान उशिरा सुटतं, मूल अडून बसतं, नको त्या वेळी भूक लागते. दोन दिवस पुरेल एवढा कोरडा खाऊ जवळ असावाच, आणि तोही मूल घरी आवडीनं खातं तोच. पण घरातलं जे जे बॅगेत टाकाल, त्याला आधी एक प्रश्न विचारा: हे तिथं मिळणार नाही का? मिळणार असेल तर त्याला घरीच राहू द्या. पुढचं सगळं मी याच एका प्रश्नावरून सांगणार आहे.

मात्र त्या अनारशांचं आधी सांगायला हवं. अनारशावर खसखस असते, आणि खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. दुबईत आणि एकूणच संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. सिंगापूरलाही ती अमली पदार्थांच्या खात्याच्या अखत्यारीत येते. हे मला परत आल्यावर समजलं आणि पोटात गोळा आला. आम्हाला कुणी अडवलं नाही ते निव्वळ नशीब. दिवाळीत नातवंडांना घेऊन दुबईला लेकाकडे निघालेल्या किती आज्यांच्या डब्यांत अनारसे असतील, देव जाणे. खोबऱ्याच्या वाट्यांचंही तसंच. सुकं खोबरं तेलकट, चटकन पेट घेणारं, म्हणून विमान कंपन्यांच्या मनाई यादीत त्याचं नाव असतं.

युरोपला निघालात तर पेढे, बर्फी, तूप घरी ठेवा. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला मात्र माणशी दोन किलोपर्यंत सूट आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणार असाल तर उतरताना जो फॉर्म भरायचा असतो त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. न लिहिलेली सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मुलाच्या दप्तरात विसरलेलं सफरचंदही त्यात आलं, म्हणून उतरण्याआधी त्याचं दप्तर एकदा उलटं करून झटका.

आता बुटांकडे येते, कारण आमची खरी फजिती तिथंच झाली. परदेशी निघालोय म्हटल्यावर मुलांना नवे बूट घेतले. थोरलीचे पांढरेशुभ्र, फोटोत छान दिसावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी मंडाईच्या प्राणिसंग्रहालयात दुपारपर्यंत तिच्या दोन्ही टाचांना फोड आले. रात्री नाइट सफारीची तिकिटं काढलेली, १९९४मध्ये सुरू झालेली, निशाचर प्राण्यांसाठीची ती जगातली पहिली बाग. लेकीनं सहा महिने तिचाच जप केला होता. तिथं ती बाबाच्या पाठुंगळी बसून गेली. अकरा वर्षांची मुलगी, बाबाचे गुडघे आणि बिबटे. त्या रात्री कोण जास्त थकलं, बाबा की बिबटे, हे अजून ठरलेलं नाही.

घरी आपण मुलांना रिक्षात बसवतो, शाळेची बस दारात येते. परदेशात मूल दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज चालतं, आणि एवढं चालायची सवय ना त्याला असते ना त्याच्या बुटांना. नवे बूट तिथंही मिळतात. त्याच्या पायाला रुळलेले बूट जगात कुठंच विकत मिळत नाहीत. म्हणून नवे घ्यायचेच असतील तर निदान महिनाभर आधी घ्या आणि शाळेतून आल्यावर रोज घालायला लावा. जुने असतील तर डाग पडलेले का असेनात, तेच न्या. सुती मोजे मात्र भरपूर घ्या. पावसात ते ओले होतात आणि फोड ओल्या मोज्यांनीही येतात.

कपड्यांवर फार बोलत नाही. सिंगापूरला बारा महिने उकाडा आणि कुठल्याही दुपारी पाऊस, पण मॉल आणि मेट्रो गारठवणारे. तेव्हा पातळ सुती कपडे आणि प्रत्येकाला एक स्वेटर. तो पाठीवरच्या पिशवीत हवा, हॉटेलातल्या कपाटात असून उपयोग नाही. एक युक्ती मात्र करा. प्रत्येकाचे कपडे दोन बॅगांत निम्मे निम्मे वाटा. एक बॅग आलीच नाही तरी कुणी उघडं पडत नाही. शिवाय हातातल्या बॅगेत मुलाचा एक पूर्ण जोड ठेवा, उलटी झाली तर लागतो. आईचाही एक कुडता ठेवा, कारण उलटी बहुतेक वेळा आईच्याच अंगावर होते.

विमान खाली उतरू लागलं की मुलांच्या कानांना दडे बसतात. आम्ही त्यासाठी च्युइंगम घेतलं होतं. सिंगापूरमध्ये १९९२पासून च्युइंगमवर बंदी आहे, आणि हे माझ्या सहावीतल्या लेकीला माहीत होतं, मला नाही. तिनं ते मुंबईच्या विमानतळावरच कचराकुंडीत टाकलं. आवळासुपारी त्याहून बरी. अगदी लहानग्याला गोळी देऊ नका, घशात अडकते. त्याला घोटाघोटानं पाणी पाजा, तान्ह्याला अंगावर घ्या. झोपलेलं मूल गिळत नाही, म्हणून उतरायला लागल्यावर त्याला हळूच जागं करा. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून खुशाल नेता येते, पलीकडे गेल्यावर भरायची. हातातल्या बॅगेत शंभर मिलीलिटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नसली, तरी बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला आणि खिमटीला ती अट नसते. तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवा, सामानात टाकलेली चालत नाही.

औषधं मात्र नक्की न्या. औषध तिथंही मिळतं, पण रात्री दोनला ताप चढलेलं मूल कडेवर घेऊन अनोळखी शहरात दुकान शोधण्याची हौस कुणालाच नसते. निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे एक चक्कर टाका. ताप, उलटी, जुलाब आणि ॲलर्जी यांची औषधं मुलाच्या आजच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. मागच्या वर्षीची मात्रा यंदा चालत नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नावही हवं. आपलं क्रोसिन दुसऱ्या देशात कुणी ओळखेलच असं नाही, पॅरासिटामॉल म्हटलं की बहुतेक ठिकाणी समजतं. अमेरिकेत त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या, डबीत काढून ठेवू नका. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्या झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं आधी तपासा. सिंगापूर आणि अमिरात दोन्हीकडे अशा औषधांना आगाऊ परवानगी लागते. ओआरएसची पाकिटं तर घ्याच, जागाही अडत नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पुरतं घालायचं, अर्धं अर्धं नाही.

एवढं भरून झालं की मुलाला त्याची स्वतःची एक छोटी पाठपिशवी द्या. तो स्वतः उचलेल इतकीच जड, आणि भरणारा तोच. तुम्ही फक्त सुरी-कात्री काढून घ्यायला बघा. आमच्या धाकट्यानं त्या पिशवीत काय काय भरलं ते मी विमानात पाहिलं: भिंग, दोन गोट्या, एक स्टीलचा चमचा (का, ते त्यालाच ठाऊक) आणि आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा हातभर तुकडा. तो तुकडा मी घरी दोनदा काढून ठेवला होता. मळका होता, आणि मला लाज वाटत होती.

सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. तिथं सकाळचे सात वाजतात तेव्हा मुलाच्या पोटात आणि डोक्यात साडेचार वाजलेले असतात. पहिल्या रात्री थोरली अंथरुणात टक्क जागी होती, आम्ही दोघे कुशी बदलत होतो. धाकटा मात्र ती चिंधी नाकाशी धरून दहा मिनिटांत झोपला. माझ्या नऊ किलोंतल्या कशालाच ते जमलं नसतं. दुसऱ्या रात्री थोरलीनं त्याच्याकडून अर्धा तुकडा उसना मागितला. त्यानं दिला, पण बदल्यात तिच्याकडच्या मेरलायनच्या, म्हणजे सिंगापूरच्या त्या सिंह-माशाच्या, चाव्यांच्या साखळ्या घेतल्या.

एक गोष्ट राहिली. पंधरा वर्षांखालच्या मुलाला पासपोर्ट पाचच वर्षांचा मिळतो, आपला दहा वर्षांचा असतो. सगळ्यांचे एकत्र काढलेले, म्हणून सगळ्यांचे एकत्रच संपतील असं आपण धरून चालतो. सिंगापूरसह अनेक देशांना पासपोर्टवर सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. आमच्या शेजारचं कुटुंब भरलेल्या पाच बॅगांसह विमानतळावरून घरी परतलं, कारण धाकट्या मुलाच्या पासपोर्टचे चारच महिने उरले होते. बॅगेचं नंतर बघू. आज रात्री कपाट उघडा आणि मुलाच्या पासपोर्टवरची तारीख वाचा.