चार भाषा, शेजारी शेजारी

इ. स. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात ‘चले जाव’चा लढा पेटला आणि सरकारने विनोबा भावे यांना अटक केली. पुढे त्यांची रवानगी दूर दक्षिणेत, वेल्लोरच्या तुरुंगात झाली. सभोवार तामीळ बोलणारा मुलूख. सुटका केव्हा होणार याचा पत्ता नाही. विनोबांनी तेथे दक्षिणेतील तामीळ, तेलुगू, कानडी आणि मल्याळम या चारही भाषा शिकण्याचा बेत केला. एक पुरती आल्यावर दुसरी, असा क्रम न धरता चारींचा अभ्यास त्यांनी बरोबरच चालविला. त्यांचे वय तेव्हा सत्तेचाळीसच्या आसपास होते.

नवी भाषा शिकणे ही त्यांना अपूर्वाई नव्हती. घरी मराठी आणि बडोद्यास राहिल्यामुळे गुजराती, या दोन भाषा लहानपणीच कानांवर पडल्या. विद्यालयात वडिलांच्या आग्रहावरून ते फ्रेंच शिकले. आईची इच्छा संस्कृतची होती. ते संस्कृत त्यांनी मागाहून इतके आपलेसे केले की, आईसाठी म्हणून सबंध गीता मराठी पद्यात उतरविली. तीच ‘गीताई’. कुराण मुळातून वाचावे म्हणून त्यांनी अरबी भाषेचाही अभ्यास केला. त्यांच्या भाषाभ्यासामागे असे काहीतरी वाचण्याची ओढ असे. नुसती भाषांची संख्या वाढविण्यात त्यांना रस नव्हता.

चार भाषा एकदम शिकल्याने गोंधळ उडत नाही काय? प्रारंभी उडतोच. लिपी चार, आणि त्यांतही तामीळची तऱ्हा निराळी. तीत क, ख, ग, घ या चारींसाठी अक्षर एकच! कानडी आणि तेलुगू यांची अक्षरे मात्र सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. पण या भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे मोठी गंमत दिसू लागते. ‘दोन’ या संख्येला तामीळमध्ये ‘इरण्डु’, मल्याळममध्ये ‘रण्डु’, तेलुगूत ‘रेंडु’ आणि कानडीत ‘एरडु’ म्हणतात. दुधाला तामीळमध्ये ‘पाल्’, तर कानडीत ‘हालु’. वाघाला तामीळमध्ये ‘पुलि’, तर कानडीत ‘हुलि’. तामीळचा ‘प’ कानडीत कित्येकदा ‘ह’ होऊन येतो, हे एकदा ध्यानात आले की तामीळचा ‘पत्तु’ म्हणजे दहा कानडीत कसा होईल, हे कोणी सांगावे लागत नाही: ‘हत्तु’! मग शब्द पाठ करण्याचे ओझे न राहता कोडे सोडविण्याचा आनंद मिळतो.

मराठी माणसाला तर या मुलखात ओळखीच्या खुणाही भेटतात. आपला ‘ळ’ या चारही भाषांत आहे. ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ कानडीतही थोरल्या बहिणीला व भावाला म्हणतात, आणि आपल्या पानातले तूप कानडीत ‘तुप्प’ आहे.

विनोबा १९४५ मध्ये सुटले. १८ एप्रिल १९५१ रोजी त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली, ती तेलुगू मुलखातील पोचमपल्ली या गावी. १९५६ व १९५७ मध्ये ते तामीळनाड, केरळ आणि कर्नाटक या प्रदेशांतून पायी फिरले. तुरुंगात गिरविलेल्या भाषा आता गावोगावच्या माणसांच्या तोंडून त्यांच्या कानी पडत होत्या. या पदयात्रेत कधी परदेशी पाहुणे येऊन मिळत. तेव्हा साठी ओलांडलेले विनोबा त्यांच्याकडून जर्मन, जपानी अशा भाषांचे धडे घेत.