बोन्साय वाचावं बुडापासून

टोकियोच्या उत्तरेला, सैतामा प्रांतात ओमिया नावाचं ठिकाण आहे. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय-माळी मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत इथे आले आणि १९२५मध्ये त्यांची वसाहत उभी राहिली. नोकरीनिमित्त जपानात आल्यापासून सुटीच्या दिवशी मी तिथल्या एका बागेत शिकायला जातो. झाडाच्या प्रत्येक भागाला तिथे नाव आहे. नुसती नावं घोकून काही हाती लागत नाही. कोणत्या नावामागे किती वर्षांचं काम आहे, हे उमगलं की झाड बघायची रीतच पालटते.

१. आधी नेबारी बघा.
मातीच्या वर दिसणारा, बुंध्यातून फाकलेला मुळांचा पसारा म्हणजे नेबारी. मुळं चोहोबाजूंना धरून बसलेली असावीत, मात्र एखादं जाड मूळ थेट बघणाऱ्याच्या अंगावर येऊ नये. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, झाड विकत घेताना माळ्याला विचारून बांबूच्या काडीने बुंध्याजवळची माती थोडी उकरतात. चांगली मुळं पुष्कळदा तिथेच गाडलेली असतात. दर वेळी कुंडी बदलताना खाली जाणारी मुळं छाटायची आणि आडवी मुळं पसरवून बसवायची. असं करत दशकं जातात, तेव्हा कुठे नेबारी दिसायला लागते.

२. ताचिआगारीशी तडजोड नको.
बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंतचं खोड म्हणजे ताचिआगारी. रोप कोवळं असताना तार गुंडाळून इथे हवा तसा बाक देता येतो. खोड जाड झालं की फारसं काही चालत नाही. वर जाताना खोड निमुळतं व्हावं लागतं, त्याला कोकेजुन म्हणतात. त्यासाठी शेंडा छाटायचा, बाजूच्या फांदीला शेंडा करायचं, ती जाडावली की पुन्हा छाटायची. या कामाला घाई चालत नाही.

३. प्रत्येक फांदीला काम द्या.
साधारण एक तृतीयांश उंचीवरची पहिली फांदी म्हणजे इचि-नो-एदा. झाडाचा कल जिकडे, तिकडे लांब झेपावते ती साशी-एदा. तिचा तोल सांभाळते ती उके-एदा. मागे जाणारी उरा-एदा नवशिक्याच्या लक्षातच येत नाही, कारण समोरून ती जेमतेम दिसते. पण ती नसली तर झाडाला खोली येत नाही.

४. नकोशी फांदी वेळीच काढा.
टाळायच्या फांद्यांना एकत्रितपणे इमी-एदा म्हणतात. एकाच उंचीवर समोरासमोर फुटलेल्या दोन फांद्या म्हणजे कान्नुकी-एदा. एकाच जागेतून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या कुरुमा-एदा. पाइनला ही खोड जन्मजात. हा नियम केवळ दिसण्यासाठी नाही. एका जागी अनेक फांद्या वाढल्या की तिथलं खोड सुजतं आणि खालच्यापेक्षा जाड होतं. मग वर्षानुवर्षं राखलेला निमुळतेपणा गेलाच म्हणायचा.

५. मेलेलं लाकूडही सांभाळावं लागतं.
साल सोललेली वाळकी फांदी म्हणजे जिन. खोडावरचा साल गेलेला पांढरा पट्टा म्हणजे शारी. शिम्पाकू ज्युनिपरवर हे खुलून दिसतं. ब्रशने जुनी साल घासली की तांबूस जिवंत पट्टा उघडा पडतो आणि शेजारचं पांढरं लाकूड उठून दिसतं. मुळांतलं पाणी त्या जिवंत पट्ट्यातूनच वर जातं, म्हणून शारी करताना चाकू लावण्याआधी तो कुठून कुठे जातो ते नीट बघायचं. लाकूड टिकावं म्हणून त्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावतात. सडक्या अंड्यासारखा वास बाल्कनीभर पसरतो, घरच्यांची बोलणीही खावी लागतात. ज्युनिपरचं लाकूड चिवट, म्हणून हे जमतं. आपल्याकडच्या वड-उंबरावर हा प्रयोग करू नये, त्यांचं मऊ लाकूड पावसाळ्यात कुजतं. वडाचं वैभव पारंब्यांत आहे, ते वाढवावं.

६. शेंडा आणि पानं शेवटी.
शेंड्याला जुशिन म्हणतात आणि तो किंचित बघणाऱ्याकडे झुकलेला ठेवतात. म्हणून बोन्साय जरा वाकून, खालून वर बघावं, तरच ते मोठ्या वृक्षासारखं उभं राहतं. पानांचं काम सगळ्यात लवकर होतं. काळ्या पाइनचे नवे कोंब उन्हाळ्याच्या तोंडावर काढले की दुसऱ्या खेपेच्या सुया आखूड येतात. एका हंगामात फरक दिसतो आणि नवखा माणूस नेमका त्यावरच भाळतो.

७. मोचिकोमी विकत मिळते, घाईने घडवता येत नाही.
हा झाडाचा अवयव नव्हे. कुंडीत दीर्घकाळ जोपासल्याने झाडाला जी पक्वता येते, ती मोचिकोमी. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात यामाकी घराण्याने १९७६मध्ये भेट दिलेला पांढरा पाइन आहे. १६२५पासून तो जोपासला जातोय आणि १९४५मध्ये हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बमधूनही तो वाचला. एका माणसाच्या हयातीत मावणारं हे कामच नाही.

झाड निवडताना मी आता हाच क्रम धरतो. पानं पुढच्या हंगामात सुधारतील, फांद्या काही वर्षांत घडतील. बुंधा आणि मुळं मात्र आपल्या आधी कुणीतरी खपून केलेली असावी लागतात. खिशात पैसे मोजकेच असतील, तर ते बुडासाठी मोजावेत.