मोठी ऑर्डर आणि आपलं नाव

चि. ऋचास,



जमिनीतली ओल मोजणाऱ्या तुमच्या यंत्राला मोठी मागणी आली, याचा फार आनंद झाला. पण यंत्रावर नाव मागणी देणाऱ्या कंपनीचं राहणार, विक्री आणि दुरुस्तीही तीच बघणार, तुम्ही तिघांनी फक्त माल बनवून द्यायचा. हो म्हणावं की नाही, असं तू विचारलंस. सोनी कंपनीचे अकिओ मोरिता १९५५ साली अगदी याच पेचात सापडले होते. त्यांनी दिलेल्या नकाराचं कौतुक सगळे करतात. तू मात्र त्या नकाराच्या आधी काय घडलं आणि पुढे काय झालं, तेही बघ.

युद्धात तोक्यो बेचिराख झालं होतं. निहोनबाशी भागात शिरोकिया नावाच्या मोठ्या दुकानाची इमारत होरपळून उभी होती. तिथल्या एका खोलीत मासारू इबुका यांनी रेडिओदुरुस्तीचं काम सुरू केलं. मे १९४६ मध्ये इबुका आणि मोरिता यांनी रीतसर कंपनी काढली, तीच पुढची सोनी. भांडवल १ लाख ९० हजार येन, माणसं वीसेक. मोरिता साके बनवणाऱ्या जुन्या घराण्यातले थोरले चिरंजीव. घरचा धंदा त्यांनीच सांभाळायचा, हे ठरलेलं. म्हणून इबुका स्वतः त्यांच्या वडिलांना भेटायला गेले. वडिलांनी मुलाला मोकळीक दिली आणि पुढे वेळोवेळी पैसाही पुरवला.

त्याआधी इबुकांच्या मंडळींनी विजेवर भात शिजवायचं भांडं करून पाहिलं होतं. लाकडी टबाच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. तांदूळ आणि पाणी बदललं की भात कधी कच्चा राहायचा, कधी गिचका व्हायचा. ते भांडं बाजारात गेलंच नाही.

१९५० साली त्यांनी जपानमधला पहिला टेप रेकॉर्डर विक्रीला काढला. चुंबकीय भुकटी हवी म्हणून रसायन चक्क तव्यावर भाजलं आणि कागदी पट्टीवर ब्रशने हाताने लावलं. यंत्र अवजड, किंमत दीड लाख येनच्या वर. लोक यायचे, स्वतःचा आवाज ऐकून हरखायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे. एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानात मोरितांनी एका गिऱ्हाइकाला एक जुनं भांडं घेताना पाहिलं; टेप रेकॉर्डरपेक्षाही जास्त पैसे मोजून. त्या माणसाला त्या भांड्याचं मोल कळत होतं. आपल्या यंत्राचं मोल कोणाला कळेल, याचा शोध मोरितांनी तिथून सुरू केला. युद्धामुळे न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई होती, सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं घेतली. मग शाळांसाठी लहान, स्वस्त यंत्र आलं. विक्रीला वाट सापडली ती अशी.

ट्रान्झिस्टरचंही तेच. त्याचा परवाना अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिककडून २५ हजार डॉलरना घेतला. ग्राहकोपयोगी वस्तूंत हा कानयंत्रालाच उपयोगी पडेल, असा सल्ला तिथे मिळाला होता. यांनी रेडिओ करायचं ठरवलं. १९५५ मध्ये टीआर-५५ आला, आणि सोनी हे नाव घेऊन मोरिता नमुने दाखवायला न्यू यॉर्कला गेले.

तिथे बुलोव्हा या घड्याळांच्या कंपनीने १ लाख रेडिओ मागितले. अट एकच, नाव बुलोव्हाचं. तोक्योहून निरोप आला, ऑर्डर घ्या. मोरितांनी ती नाकारली. पण याच सुमाराच्या दुसऱ्या एका सौद्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एका व्यापाऱ्याने ५ हजारांपासून १ लाखापर्यंतच्या नगांचे दर मागितले. मोरितांनी हिशेब मांडला: १० हजारांना दर सर्वांत कमी, पुढे चढत जाणारा, आणि १ लाखाला ५ हजारांपेक्षाही महाग. व्यापारी चक्रावला. कारण साधं होतं. १ लाख नग काढायचे तर कारखाना वाढवायचा, माणसं भरायची, आणि पुढच्या वर्षी ऑर्डर आली नाही तर सगळ्यांना पोसायचं कशावर? व्यापाऱ्याला ते पटलं, त्याने १० हजार घेतले.

पुढे १९७९ मध्ये आलेल्या वॉकमन या खिशातल्या कॅसेटयंत्रात रेकॉर्डिंगची सोय नव्हती. असं यंत्र कोण घेणार, ही शंका कंपनीतच होती. मोरितांनी नमुना घरी नेऊन वापरला. कानाला हेडफोन लावून बसलेल्या नवऱ्याशी बोलता येईना म्हणून पत्नी वैतागली, हे पाहून त्यांनी दोन हेडफोन लावायची सोय करवून घेतली. पहिले ३० हजार नग दोन महिन्यांत संपले.

आता दुसरी बाजू. सोनीचा १९७५ चा बीटामॅक्स हा व्हिडिओ रेकॉर्डर चित्राच्या दर्जात सरस मानला जाई, पण त्याच्या कॅसेटवर तासाभराचंच चित्रण मावायचं. पुढच्या वर्षी जेव्हीसी या दुसऱ्या कंपनीचा व्हीएचएस दोन तासांची कॅसेट घेऊन आला. सिनेमा एका कॅसेटवर मावतो, हे लोकांना दर्जाहून मोठं वाटलं. अखेर १९८८ मध्ये सोनीलाही व्हीएचएस यंत्रं बनवावी लागली. त्याच वर्षी तिने सीबीएस रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी घेतली, आणि एकाच घरात गाणी विकणारे आणि गाणी वाजवायची यंत्रं करणारे आले. २००१ मध्ये दुसऱ्या कंपनीचा आयपॉड आला, त्यानंतरही सोनीच्या डिजिटल वॉकमनवर एमपी-३ गाणी थेट वाजत नव्हती. ती आधी सोनीच्या स्वतःच्या पद्धतीत बदलून घ्यावी लागत. ज्या कंपनीने लोकांच्या खिशात संगीत घातलं, तिलाच त्या लोकांची अडचण दिसेनाशी झाली होती.

म्हणून ऋचा, नावापेक्षा मला काळजी दुसऱ्या कलमाची वाटते. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही त्यांच्याकडे गेली, तर यंत्र कुठे बिघडतं, कुठल्या मातीत चुकीचा आकडा दाखवतं, शेतकरी ते महिन्याभरात का बाजूला ठेवतो, यातलं काहीच तुमच्या कानावर येणार नाही. पुढचं यंत्र मग कशाच्या आधारावर करणार? पहिली ऑर्डर तुमच्या तिघांच्या आवाक्यातली मागा आणि दर मोरितांसारखा कागदावर मांडून दाखवा. दुरुस्ती तुमच्याकडेच राहील, हे करारात लिहून घ्या. तेवढं मान्य झालं, तर पहिल्या खेपेला त्यांचं नाव लागलं तरी चालेल, तुमचं नाव लहान अक्षरात मागच्या बाजूला असू दे. दुरुस्तीवर ते अडून बसले, तर मात्र नाही म्हण. सही करण्याआधी मसुदा वकिलाला दाखव, आणि एक प्रत मलाही पाठव.

तुझी,
मावशी