पाच माणसांचा दातांचा दवाखाना आणि आरोग्य विमा : नेमका खर्च किती?

दातांच्या छोट्या दवाखान्यात माणसे मोजकीच असतात. रिसेप्शनवर एक मुलगी, खुर्चीपाशी दोन असिस्टंट, सफाई आणि ऑटोक्लेव्ह सांभाळणाऱ्या मावशी, आणि पूर्णवेळ येणाऱ्या एखाद्या असोसिएट डॉक्टर. यांच्यापैकी कुणाच्या घरी डेंगी, अपेंडिक्स किंवा सिझेरियन निघाले की ॲडव्हान्स मागितला जातो, आणि बहुतेक डॉक्टर तो देतातही. पुढे सहा महिने तो पगारातून कापला जातो आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते. एवढेच पैसे आधी, दर महिन्याला थोडेथोडे, योग्य ठिकाणी भरले तर ही वेळ बरीचशी टळते.

एजंट बहुधा आधी ग्रुप पॉलिसी पुढे करतो. माझ्या मते दहाच्या आतल्या दवाखान्याने तिचा विचार सगळ्यात शेवटी करावा. त्याआधी दोन मार्ग पाहून घ्यावेत.

ईएसआय : स्वस्त, पण घराजवळ सोय हवी

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तरी मालक आणि बहुसंख्य कर्मचारी राजी असल्यास त्यात जाता येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही सोय आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच ते मिळते. मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के, कर्मचाऱ्याचा 0.75 टक्के.

समजा, रिसेप्शनिस्टला 18,000, दोन असिस्टंटना प्रत्येकी 16,000 आणि मावशींना 14,000 पगार आहे. एकूण झाले 64,000. दवाखान्याने महिन्याला 2,080 रुपये भरायचे, म्हणजे वर्षाला 24,960. चौघींच्या पगारातून मिळून 480 रुपये कापले जातील. 16,000 पगाराच्या असिस्टंटच्या वाट्याला 120 येतात. 30,000 घेणाऱ्या असोसिएट डॉक्टर यात बसत नाहीत, त्यांचे वेगळे पाहावे लागेल.

एवढ्या पैशांत फक्त इस्पितळाचे बिल भागते असे नाही. आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते, आणि बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा ईएसआयच्या पैशातून मिळते. दोन्हींसाठी आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आपल्या दवाखान्यांत बहुतेक कर्मचारी विशी-तिशीतल्या मुली असतात. दोन खुर्च्यांच्या दवाखान्याला एवढा पगार खिशातून देणे जड जाते, म्हणून मुली बाळंतपणाला गेल्या की नोकरीच सुटते. या एका कारणासाठीसुद्धा ईएसआय गंभीरपणे पाहण्यासारखे आहे.

अडचण आहे ती अंतराची. नाशिकला सातपूरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावात दवाखाना असेल तर मात्र जवळची डिस्पेन्सरी आणि संलग्न रुग्णालय कोणते, हे आधी स्वतः जाऊन पाहा. कर्मचाऱ्याला दोन बस बदलून जावे लागणार असेल तर कार्ड कपाटातच राहील. आणखी एक : पगार रोख, नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही, असा कारभार असेल तर आधी तो सुधारा. पगार बँकेत जमा होऊ लागल्याशिवाय कुठलाच मार्ग नीट चालत नाही.

कर्मचाऱ्याच्या नावाची पॉलिसी, हप्ता दवाखान्याचा

ईएसआय सोयीचे नसेल किंवा पगार मर्यादेपलीकडे असेल तर प्रत्येकाला स्वतःच्या नावाने फॅमिली फ्लोटर घ्यायला सांगा आणि हप्ता तुम्ही भरा, पूर्ण किंवा अर्धा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवर जीएसटी नाही. ग्रुप पॉलिसीवर 18 टक्के कायम आहे. समजा, दोन्हीकडे एका कुटुंबाचा हप्ता 12,000 सांगितला, तर ग्रुपमध्ये प्रत्यक्षात 14,160 भरावे लागतील. दातांचे उपचार ही आरोग्यसेवा म्हणून जीएसटीमुक्त असल्याने या 2,160 रुपयांची वजावटही तुम्हाला मिळत नाही.

तोटा प्रतीक्षा काळाचा. अपघात सोडून पहिले 30 दिवस क्लेम नाही. मधुमेहासारख्या आधीच्या आजारांना जास्तीत जास्त 36 महिने थांबावे लागते. बाळंतपण अनेक पॉलिसींत नसतेच, असले तरी मोठ्या प्रतीक्षेनंतर. पण नोकरी बदलली तरी पॉलिसी आणि भरलेली वर्षे कर्मचाऱ्याजवळच राहतात.

ग्रुप पॉलिसी घेणारच असाल तर

साधारण सात जण लागतात. ते कर्मचारीच हवेत की कुटुंबीय धरून चालतात, हे कंपनीनुसार बदलते. ग्रुपचा खरा फायदा म्हणजे आधीचे आजार आणि बाळंतपण पहिल्या दिवसापासून मिळू शकते. ते कोटेशनमध्ये लिहिलेले नसेल तर ग्रुप घेण्यात फारसा अर्थ नाही. आईवडील घातले की हप्ता झपाट्याने वाढतो. त्यांचे वय 70 किंवा पुढे असेल तर आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न लावता 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, ते कार्ड आधी काढा.

खोलीभाड्याची अट आवर्जून वाचा. 3 लाखांच्या पॉलिसीत 1 टक्का भाडे म्हणजे दिवसाला 3,000. रुग्ण 6,000 च्या खोलीत राहिला तर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर येतात. 80,000 चे 40,000 होतात. औषधे आणि इम्प्लांटना ही कपात लागू नसली तरी उरलेली रक्कम घरच्यांनाच भरावी लागते.

विम्यात न बसणारा धोका

आपल्या कामातला रोजचा धोका म्हणजे वापरलेली सुई टोचणे. त्यात कुणी भरती होत नाही, म्हणून नेहमीच्या आरोग्य पॉलिसीतून सहसा एक रुपया मिळत नाही. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (0, 1 आणि 6 महिने) आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासणी, हा खर्च दवाखान्याने करायचाच, मावशींसाठीसुद्धा. कचऱ्याची पिशवी त्याच बांधतात. सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू करून 28 दिवस घ्यावे लागते. जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता निर्जंतुकीकरणाच्या ओट्यावर चिकटवून ठेवा.

अपघात विम्यासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे : वर्षाला 20 रुपये, 2 लाखांचे संरक्षण. सगळ्यांच्या बँक खात्यात ती सुरू आहे का, एवढे विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना 5 लाखांपर्यंत आहे, मात्र ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांना.

करात किती सुटते

कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता हा व्यवसायाचा खर्च धरला जातो, पण तो रोखीने भरलेला नसावा. कर्मचाऱ्याच्या उत्पन्नातही तो मिळवला जात नाही. मात्र अनेक दंतवैद्य निम्मे उत्पन्न नफा धरणाऱ्या अनुमानित योजनेत विवरणपत्र भरतात. त्यात कोणताच खर्च वेगळा दाखवता येत नाही, म्हणजे या हप्त्यावर कर वाचणार नाही. करबचतीचे गणित मांडून एजंट पॉलिसी विकत असेल तर आधी सीएंना फोन करा. एकट्याच्या मालकीच्या दवाखान्यात डॉक्टरांचा स्वतःचा हप्ता व्यवसायाचा खर्च होत नाही. आठवड्यातून एकदा येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट किंवा सर्जन हे फी घेणारे कन्सल्टंट, कर्मचारी नव्हेत. त्यांना या हिशेबात धरू नका.

क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा लोकपालांकडे. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत आणि तिथे फी नाही. ग्रुपमधली कर्मचारी नोकरी सोडत असेल तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज तिने बाहेर पडतानाच करायला हवा. तो फॉर्म राजीनामा स्वीकारायच्या दिवशीच तिच्या हातात द्या.