माऊस काढून ठेवा, मगच कोटेशन मागवा

बंगळूरुच्या राजाजीनगरात क्लास, दवाखाना किंवा दुकान चालवणाऱ्यांच्या वेबसाइटवर नाव, मोबाइल आणि तारीख विचारणारा बुकिंगचा एक फॉर्म असतोच. अंध ग्राहकाला तो भरता आला नाही, तर बहुतेक वेळा तो तक्रारही करत नाही, सरळ दुसरीकडे जातो. दुरुस्तीला किती खर्च येईल, हे विचारण्याआधी फुकटात होणारी तपासणी स्वतः करा.

माऊस काढून ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप आणि बाणांच्या कळा एवढ्यांवर आपलाच फॉर्म भरून पाठवून बघा. आपण कुठल्या रकान्यात आहोत, हे दिसतं का? ते दाखवणारी फोकसची चौकट चांगली दिसत नाही म्हणून अनेक डिझायनर काढूनच टाकतात. मेन्यू माऊस नेल्यावरच उघडतो का? कॅलेंडरमध्ये शिरल्यावर बाहेर पडता येतं का?

मग संगणकावर एनव्हीडीए घ्या. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६मध्ये सुरू केलेला, विंडोजवर चालणारा, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा हा स्क्रीनरीडर पूर्ण मोफत आहे. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीनरीडर बहुधा आधीपासूनच असतो. स्क्रीन बंद करून ऐका. रकान्याशेजारी ‘मोबाइल नंबर’ लिहिलेलं असतं, पण कोडमध्ये ते रकान्याशी जोडलेलं नसेल, तर एनव्हीडीए नुसतं ‘एडिट, ब्लँक’ म्हणतो. इथे नाव टाकायचं की पिनकोड, ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पाठवताना चूक झाली की रकाना लाल होतो आणि आवाज मात्र काहीच येत नाही. लेबल जोडणं हे जाणत्या डेव्हलपरचं काही मिनिटांचं काम आहे आणि तरीही ते राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पैशांचं. लेबलं, चुकांचे संदेश आणि फोकसची चौकट हे एका फॉर्मसाठी एक-दोन दिवसांचं काम. पानाची भाषा कोडमध्ये नोंदवणं तर क्षणाचं, पण कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशी पानं असतील तर प्रत्येकावर ती हवीच; नाहीतर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचला जातो. मेन्यू किंवा कॅलेंडर नव्याने बांधायचं असेल तर मात्र आठवडाही लागू शकतो. समजा तासाचा दर १,००० रुपये आहे आणि काम १२ तासांचं. म्हणजे १२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,१६०. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी पॅकेज’ म्हणून ठोक रक्कम सांगितली तर स्वीकारू नका. प्रत्येक दुरुस्तीचे तास वेगळे लिहून मागा.

एका ओळीच्या कोडने सगळं नीट करण्याचा दावा करणाऱ्या विजेटला वर्षाचं भाडं अजिबात देऊ नका. असाच दावा करणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावणारी कारवाई केली.

कायदाही माहीत असावा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५०,००० ते ५ लाख. प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. दंडाची भीती घालायला हे सांगत नाही. डेव्हलपर ‘हे कोण वापरणार’ म्हणाला, तर उत्तर जवळ असावं.

खर्चात एक रक्कम आवर्जून धरा: तपासणाऱ्या अंध व्यक्तीचं मानधन. बंगळूरुत एनेबल इंडिया आणि मित्रज्योती या संस्था अंधांना संगणक शिकवतात. तिथे विचारणा करता येईल. त्या व्यक्तीने कोणाच्याही मदतीशिवाय फॉर्म भरून पाठवला की डेव्हलपरचा शेवटचा हप्ता द्या, आणि ही अट कोटेशन मंजूर करतानाच लिहून घ्या. थीम किंवा प्लगइन बदलल्यावर हीच तपासणी पुन्हा करण्याची तरतूद वार्षिक देखभालीच्या करारात घाला.